नऊ काठ्या, शून्य अंडी

टोपी उडाली आणि तिच्यामागे भिंगरी उडाली.

खरं तर टोपी भिंगरीची नव्हतीच. ती होती तिच्या धाकट्या बहिणीची. ही बहीण आठ वर्षांची होती आणि दिवसाला शंभर प्रश्न विचारायची, म्हणून घरात तिला सगळे प्रश्नपत्रिका म्हणत. वाऱ्याने टोपी उचलली, दोरीपलीकडे नेली आणि खड्यांच्या किनाऱ्यावरून गडगडत लांब पळवली. दोरी कशासाठी बांधली आहे हे आत्याने तिन्ही मुलांना बेटावर आल्या दिवशीच समोर उभं करून सांगितलं होतं. दोरीपलीकडे पाऊल टाकायचं नाही, आणि भर उन्हात तर मुळीच नाही. पण भिंगरीचे पाय भिंगरीला विचारून हलत नसत. काय होतंय हे कळायच्या आत ती दोरीखालून वाकून पलीकडे गेली होती.

"अगं, परत ये!" मागून तिचा आतेभाऊ ओरडला.

तेवढ्यात किनारा जागा झाला. इतका वेळ जिथे नुसते खडे दिसत होते, तिथून दोन राखाडी पक्षी उठले आणि तिच्या डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करू लागले. भिंगरीने टोपी पकडली, आल्या पावली परत फिरली आणि दोरीच्या अलीकडे येऊन धापा टाकत उभी राहिली. वर बंगलीच्या व्हरांड्यात आत्याचे साहेब खुर्चीतून उठले होते. त्यांच्या हातात उकडलेलं अंडं होतं आणि ते खायचं विसरून ते तिच्याकडेच बघत होते.

हा सोमवार. संध्याकाळी पाच वाजता आत्या किनाऱ्यावरची फेरी संपवून आली, तेव्हा तिच्या हातात एक नारिंगी झेंडीची काठी होती. काठीवर सात हा आकडा होता.

"सात नंबर रिकामं," ती म्हणाली. आणि कुणाकडेही न बघता तिने काठी कोपऱ्यात ठेवली.

ही काठी म्हणजे काय, ते सांगायला हवं. या बेटावर एक टिटवी राहते, जी दुसरीकडे कुठेच राहत नाही. तिला बेटटिटवीच म्हणतात. ती घरटं म्हणून जे काही करते त्याला घरटं म्हणणं म्हणजे तिचं कौतुकच. खड्यांमध्ये पोटाने घासून एक खळगा करायचा आणि त्यात दोन अंडी घालायची, झालं. अंडी अशी ठिपक्याठिपक्यांची की शेजारचा खडा कुठला आणि अंडं कुठलं हे हात लावल्याशिवाय कळू नये. म्हणून कुणाचा पाय पडू नये यासाठी प्रत्येक घरट्याशी एक काठी ठोकलेली असे, वर नारिंगी झेंडी. अंडी गेली की आत्या ती काठी उपटून आणायची.

आत्या गेली अकरा वर्षं या पक्ष्यांची राखण करत होती. सुट्टीत तिने भावाच्या दोन्ही मुलींना महिनाभर बोलावून घेतलं होतं, कारण तिचा मुलगा एकटा कंटाळायचा. म्हणजे असं तिला वाटायचं. तो तेरा वर्षांचा होता, खिशात कायम मोजपट्टी आणि वही, आणि जेवणाच्या टेबलाची लांबी त्याने आठवड्यातून दोनदा मोजलेली. त्याला मोजपट्टी हे नाव भिंगरीनेच ठेवलं होतं, आणि ते त्याला आवडलंही होतं.

या वर्षी सोळा घरटी झाली होती. दहा उघड्या खड्यांवर, सहा पलीकडच्या उंच गवतात. गवतातली सहाच्या सहा सुखरूप. खड्यांवरच्या दहांपैकी सात गेली, आणि त्यातलं शेवटचं भिंगरी धावली त्याच दिवशी गेलं.

रात्री जेवताना साहेबांनी हात धुतले आणि बोलायला सुरुवात केली. साहेब म्हणजे या कामाचे नवे प्रमुख, याच मोसमात आलेले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा चालण्यावर विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की टिटव्यांना अक्कल नाही. गवताचा आडोसा सोडून उघड्यावर अंडी घालतात आणि मग गमावतात. तेव्हा शुक्रवारी सकाळी उरलेल्या तीन घरट्यांतली अंडी उचलून गवतात नेऊन ठेवायची. ही मुलं उघड्यावर अशी हुंदडत असतील, तर दुसरा उपायच नाही.

आत्याने सांगून पाहिलं. टिटवी अंडं ओळखत नाही, जागा ओळखते. जागा बदलली की तिच्या लेखी अंडी संपली. पण साहेबांचा कागद तयार होता, शुक्रवारच्या बोटीने तो कचेरीत जायचा होता, आणि त्याच बोटीने मुलींनीही परत जावं असं त्यांनी सुचवलं.

भिंगरी ताटाकडे बघत राहिली. सात नंबर आपल्यामुळे गेलं का? हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात फिरत होता. साहेब ओरडले याचं तिला फारसं काही वाटलं नाही, ओरडा खायची तिला सवय होती. पण आत्या ओरडली नव्हती. आत्याने नुसती काठी कोपऱ्यात ठेवली होती, आणि ते भिंगरीला फार लागलं.

* * *

मंगळवारी दिवसभर ती नुसती येरझाऱ्या घालत होती. विहिरीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून विहिरीपर्यंत. विहिरीच्या कठड्यावर बसून मोजपट्टी वहीत काहीतरी आखत होता.

"बेचाळीस फेऱ्या झाल्या," तो म्हणाला. "माझ्याकडे दुसरी एक मोजणी आहे. ऐकणार का बसून?"

"बसून नाही. सांग."

त्याने आत्याची नोंदवही उतरवून घेतली होती. सातही घरटी एकाच वेळात गेली होती. सकाळी नवाला असायची, संध्याकाळी पाचला नसायची. आणि त्यातली सहा गेली तेव्हा दोरीपलीकडे कुणी पाऊलही टाकलं नव्हतं.

"मधल्या वेळात किनाऱ्यावर कोण असतं?" प्रश्नपत्रिकेने विचारलं.

"कुणीच नाही. उन्हात माणूस गेला की टिटवी उठते. ती उठली की सावली जाते, आणि तापल्या खड्यांवर अंडी शिजून निघतात. म्हणून दहा ते चार कुणी जायचंच नाही, असा नियम आहे."

"मग कुणी बघत का नाही?"

नियम इतका चांगला होता की त्या सहा तासांत किनाऱ्यावर काय चालतं, हे अकरा वर्षांत कुणीच पाहिलं नव्हतं. साहेबांची मोठी दुर्बीण होती, पण साहेब नवाला एकदा आणि पाचाला एकदा तिला डोळा लावत. दुपारी ते जेवून झोपत.

दोरीच्या अलीकडे, अगदी काठावर, बेटावर मासळी पोचवणाऱ्या बोटवाल्या काकांची जुनी होडी दोन ओंडक्यांवर पालथी घातलेली होती. तिच्याखाली वीतभर फट होती. तिथे बसलं तर नियम मोडत नव्हता. फक्त एक अडचण होती. दहाच्या आत आत शिरायचं आणि चार वाजेपर्यंत बाहेर यायचं नाही, कारण ये-जा केली तर पक्षी बिथरणार.

त्यांनी आत्याला विचारलं. आत्याने आधी मोजपट्टीकडे पाहिलं, मग प्रश्नपत्रिकेकडे, आणि शेवटी भिंगरीकडे बराच वेळ.

"तू? सहा तास? एका जागी?"

"हो," भिंगरी म्हणाली. तेव्हाही ती एका पायावर उभी होती आणि दुसऱ्याने जमीन उकरत होती.

* * *

बुधवारी पावणेदहाला तिघं होडीखाली शिरले. पाण्याच्या दोन बाटल्या, बिस्किटांचा पुडा, एक घड्याळ, एक वही. पोटावर पालथं पडलं की फटीतून सगळा किनारा दिसे. पांढरे, करडे, काळपट खडे आणि त्यांत लांब लांब उभ्या तीन नारिंगी झेंड्या. तीन, आठ आणि दहा नंबर.

पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला भिंगरीच्या टाचेला मुंग्या आल्या, मग गुडघ्याला, मग तिला वाटलं नाकालाही आल्या. डांबराचा वास डोक्यात भिनला होता. बिस्किटं अकरालाच संपली. आपण आत्ता उठून एकदाच, फक्त एकदाच समुद्रापर्यंत पळत जाऊन यावं, असं तिला मिनिटाला दोनदा वाटत होतं. तिने मुठीत खडे धरले आणि घट्ट आवळले.

"किती वाजले?"

"मघाशी विचारलंस तेव्हापेक्षा तीन मिनिटं जास्त," मोजपट्टी कुजबुजला.

पण हळूहळू एक गंमत झाली. न हललेल्या डोळ्यांना दिसायला लागलं. आठ नंबरच्या काठीशी जो खडा वाटत होता, त्याला डोळा होता. ती टिटवी होती. ती अंड्यांवर बसली नव्हती, पंख जरा पसरून नुसती उभी राहून अंड्यांवर सावली धरत होती. तिचा नर मधूनमधून पाण्याकडे जायचा, पोट भिजवायचा आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसायचा. मग ती जायची. आळीपाळीने, एकही पाळी न चुकता. भिंगरी तिच्या टाचेतल्या मुंग्या विसरली.

साडेबारा वाजता दोन कावळे आले.

ते उडत आले नाहीत, हे विशेष. ते चालत आले. एकाचा पाय आखडलेला होता आणि तो जरा लंगडत होता. दोघं आधी तीन नंबरच्या काठीशी गेले. तिथे नर आणि मादी दोन्ही होते, दोघांनी मिळून हाकललं. कावळ्यांनी वाद घातला नाही. मान वर करून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पुढची नारिंगी झेंडी हेरली आणि सरळ रेषेत तिच्याकडे चालू लागले. मास्तर बाकांच्या रांगेतून वह्या तपासत जातात, तसे.

आठ नंबरचा नर नुकताच पाण्याकडे गेला होता.

लंगड्याने टिटवीसमोर जाऊन नाचायला सुरुवात केली. ती चवताळून त्याच्या अंगावर धावली. तो दोन पावलं मागे सरला, ती आणखी पुढे गेली. आणि दुसरा कावळा मागून आला. त्याने काठीशी वाकून चोचीत काहीतरी उचललं.

"अंडं," प्रश्नपत्रिकेच्या तोंडून कसाबसा आवाज आला.

भिंगरीचे पाय केव्हाच ताठ झाले होते. बाहेर पडून धावावं, ओरडावं, त्या कावळ्याच्या मानगुटीवर बसावं! पण ती धावली तर तिन्ही घरट्यांवरचे पक्षी उठणार, भर उन्हात. सोमवारसारखं. तिने पाय जागच्या जागी रोवले, पाण्याची रिकामी बाटली उचलली आणि होडीच्या पोटावर आतून दणादण हाणायला सुरुवात केली. पोकळ होडी नगाऱ्यासारखी दणाणली. कावळे दचकून उडाले. पहिलं अंडं चोचीतून गेलंच, पण दुसरं खळग्यात राहिलं.

"टिटवी?" तिने डोळे मिटूनच विचारलं. तिला बघवत नव्हतं.

"उठली होती. आली परत," मोजपट्टी घड्याळात बघून म्हणाला. "चार मिनिटं. बसली."

भिंगरीचा जीव भांड्यात पडला, आणि मग तिला रडू फुटलं. उरलेले साडेतीन तास ती हलली नाही.

* * *

संध्याकाळी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. मोजपट्टीने वही उघडून वेळासकट वाचून दाखवलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि ते खूशच झाले. कावळेच ना? मग त्यांचंच म्हणणं सिद्ध झालं. अंडी उघड्यावर होती, म्हणून कावळ्यांना दिसली. गवतात असती तर दिसली नसती. शुक्रवारी अंडी हलवायची म्हणजे हलवायची. त्यांनी मुलांच्या पाठीवर थाप मारली आणि चहा मागवला.

मुलं विहिरीपाशी येऊन बसली. चांगलंच अंगाशी आलं होतं. ज्या पुराव्याने साहेबांचा बेत मोडायचा, त्यानेच तो पक्का केला होता.

"पण कावळे अंड्यांकडे बघतच नव्हते," भिंगरी म्हणाली. ती पुन्हा येरझाऱ्या घालत होती. "मी नीट पाहिलं. ते मान वर करत होते. वर काय आहे? अंडं तर खाली आहे."

"गवतातली काठी कावळ्याला दिसते का?" प्रश्नपत्रिकेने विचारलं.

भिंगरी थांबली. मोजपट्टीने पेन्सिल खाली ठेवली. गवत कमरेएवढं उंच होतं. काठी गुडघ्याएवढी. गवतातली एकही झेंडी कुठूनही दिसत नसे, म्हणून तर साहेब ती सहा घरटी मोजायला कायम आत्याला पाठवत.

"काठ्या," भिंगरी म्हणाली. "ते काठ्या वाचतात. आणि काठी कधी खोटं बोलत नाही, कारण घरटं रिकामं झालं की आत्या काठी काढून टाकते!"

दोघी बहिणी तशाच आत्याकडे धावल्या. मागून मोजपट्टी. आत्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. भिंगरीने एका दमात सांगितलं आणि नऊ काठ्या मागितल्या. कोऱ्या, झेंडीसकट.

आत्याचा हात सुरीवर थांबला. पूर्वी ती काठी घरट्यापासून वीस पावलं लांब ठोकायची आणि अंतर वहीत लिहायची, हे तिने हळूच सांगितलं. या वर्षी साहेब म्हणाले, व्हरांड्यातून दुर्बिणीने मोजायला सोपं जावं म्हणून काठी घरट्याला लागूनच हवी. टिटवी काही दुर्बिणीतून दिसत नाही, काठी दिसते.

"आणि मी ठोकल्या," आत्या म्हणाली. "सोळाच्या सोळा. माझ्या हाताने."

मग तिने हात पुसले, कोठीची किल्ली टेबलावर ठेवली आणि बटाट्यांचं पातेलं घेऊन मागच्या अंगणात निघून गेली.

* * *

गुरुवारी उजाडताच नऊ काठ्या उभ्या राहिल्या. दोरीच्या पलीकडे नव्हे, अलीकडे. होडीच्या बाजूला, जिथे नुसते कोरडे खडे होते आणि टिटवी कधीच फिरकत नसे. मोजपट्टीने प्रत्येक काठीत बारा पावलांचं अंतर ठेवलं. प्रश्नपत्रिकेने प्रत्येक खडा उलटून बघितला, कुणाचं चुकून अंडं राहू नये म्हणून. भिंगरी काठ्या ठोकत पळत सुटली, आणि निदान आज तरी तिच्या पळण्याला कुणाची हरकत नव्हती.

नऊ वाजता साहेब उकडलेली दोन अंडी घेऊन व्हरांड्यात आले आणि त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. त्यांनी मोजलं. डोळा चोळला. पुन्हा मोजलं.

"बारा!" ते ओरडले. "काल तीन होती, आज बारा! एका रात्रीत नऊ नवी घरटी!"

लांबच्या झेंड्यांवर लावलेल्या दुर्बिणीत दोरी दिसतच नसे, त्यामुळे अलीकडचं काय आणि पलीकडचं काय, सगळं एकच. खुर्चीतून उठून खाली दोनशे पावलं जावं, हे साहेबांच्या मनातही आलं नाही. ते थेट वायरलेसपाशी गेले आणि मुख्य कचेरीला आनंदाची बातमी देऊन आले. अंगणात आत्याला जोराचा ठसका लागला. प्रश्नपत्रिका काहीतरी विचारणार होती, तिचं तोंड भिंगरीने दाबून धरलं.

दुपारी सगळे व्हरांड्यातच जेवायला बसले. मासळी घेऊन आलेले बोटवाले काकाही होते. आज साहेबांना झोप नव्हती. नवी घरटी पुन्हापुन्हा बघण्यात त्यांचं जेवण गार होत होतं. भिंगरी खुर्चीवर बसली होती आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. कावळे आज आलेच नाहीत तर? काल होडी वाजवली, त्यांनी धसका घेतला असला तर? साडेबारा वाजले. पावणेएक वाजला. तिला वाटलं, आता आपण उठून ओरडणार.

मग लंगडा आला. त्याच्यामागे दुसरा.

ते पहिल्या झेंडीशी गेले, वाकले, दोन खडे उलटले. काही नाही. दुसऱ्या झेंडीशी गेले. तिसऱ्या. दोन झेंड्यांच्या मधल्या मोकळ्या खड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एक झेंडी झाली की मान वर करायची, पुढची शोधायची आणि तरातरा चालायला लागायचं.

"अहो, ते बघा, कावळे!" साहेब ताडकन उठले. "नवी घरटी! खाल्ली सगळी!"

"काही खाल्लं नाही, साहेब," आत्या शांतपणे म्हणाली. "तिथे काही नाहीच."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, दुर्बिणीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. प्रश्नपत्रिकेचं तोंड आता कुणी दाबून धरलं नव्हतं.

"साहेब," तिने अगदी मनापासून विचारलं, "तुम्ही घरटी मोजता का काठ्या?"

बोटवाले काका मिशीत हसले आणि त्यांनी घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. लंगडा सातव्या झेंडीशी खडे उकरत होता, जरा चिडल्यासारखा. नववीपर्यंत जाऊन आल्यावर दोघा कावळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते उडून गेले.

मग साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. कचेरीला आता काय सांगायचं, असं ते स्वतःशीच पुटपुटले. आणि शेवटी, मुलांकडे न बघता, त्यांनी विचारलं, "चार वाजता किनाऱ्यावर जाता येतं ना?"

चार वाजता साहेब स्वतः आत्याबरोबर दोरीपलीकडे गेले. तिन्ही नारिंगी काठ्या त्यांनी आपल्या हाताने उपटल्या. त्यांच्याऐवजी मोजपट्टीने नवी मोजणी लिहून घेतली. मोठ्या काळ्या खडकापासून उजवीकडे अठरा पावलं, तिथून समुद्राकडे सहा. शुक्रवारी बोट आली, तेव्हा तिच्यातून जुना कागद गेला नाही, आणि मुलीही गेल्या नाहीत.

* * *

पण भिंगरीचा प्रश्न सुटला नव्हता. चार दिवसांनी तीन नंबरची दोन पिल्लं बाहेर आली. त्यांच्यामागोमाग दहाची दोन, आणि आठच्या उरलेल्या अंड्यातून एक. इवलीशी, खड्याच्या रंगाची, लांब पायांची, आणि जन्मल्या दिवसापासून पळत सुटलेली. सगळे नाचले. भिंगरीही नाचली. मग संध्याकाळी ती आत्याच्या मागे मागे कोठीत गेली आणि तिने एकदाचं विचारून टाकलं.

"आत्या, सात नंबर माझ्यामुळेच गेलं ना?"

आत्याने खोटं सांगितलं नाही. "टिटवी उठली ती तुझ्यामुळे," ती म्हणाली. "ते खरं आहे. पण तू नसतीस तरी ते घरटं कावळ्याला ठाऊक होतं. ते त्याला मी दाखवलं होतं, काठी ठोकून. तेव्हा अर्धं तुझं आणि अर्धं माझं. नाही, माझं जरा जास्तच."

भिंगरीने मान हलवली. खरं ऐकल्यावर तिला उलट बरं वाटलं.

तेव्हापासून ती रोज सकाळी दोन तास होडीपाशी जाऊन बसू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. मुंग्या यायच्याच, पण आता ती त्यांना येऊ द्यायची. अशीच एकदा, सुट्टी संपायला तीन दिवस उरले असताना, समोरच्या खड्यांतून एक टिटवी चालत आली, थबकली, इकडेतिकडे पाहिलं आणि हलकेच खाली बसली. बसताना तिने एकदा पाय वर केला. पायात ओळखीसाठी आत्याने घातलेली हिरवी-पांढरी कडी होती. आत्याच्या वहीत ही कडी कुणाची, ते भिंगरीला पाठ होतं. सात नंबरची मादी.

भिंगरी तास दीड तास हलली नाही. नर आला, मादी उठली, नर बसला. पाळी बदलली, म्हणजे खाली नक्की काहीतरी होतं. मग ती सावकाश, अगदी सावकाश मागे सरकली आणि बंगलीपर्यंत चालत गेली. हो, चालत.

दहाच्या आत सगळे दोरीशी जमले. आत्याने दोरी वर उचलून धरली.

"चल," ती भिंगरीला म्हणाली. "तू पुढे. आम्हाला दाखव."

भिंगरीने दोरीपलीकडे पाऊल ठेवलं. एक एक खडा बघत ती पुढे गेली आणि जुन्या जागेपासून जेमतेम आठ पावलांवर थांबली. उघड्या खड्यांवर, उन्हात, चोहीकडे लांबवर नजर पोचेल अशा ठिकाणी एक खळगा होता, आणि त्यात ठिपक्यांची दोन अंडी. सगळ्यांनी क्षणभर पाहिलं आणि पक्षी यायच्या आत सगळे मागे फिरले.

"पुन्हा उघड्यावरच," साहेब म्हणाले. त्यांच्या नाकाची साल निघाली होती, कारण हल्ली ते रोज चालत जाऊन मोजायचे. "म्हणजे तिलाच कळत होतं, मला नव्हतं. गेल्या महिनाभरात या बेटावर नीट बघणारी माणसं तीनच होती, आणि त्यांतलं सगळ्यात मोठं तेरा वर्षांचं होतं. कचेरीच्या कागदात मी तसं लिहिलंय."

आत्याने नोंदवही उघडली आणि पेनसकट भिंगरीच्या हातात दिली. सतरावं घरटं अकरा वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या अक्षरात लिहिलं जाणार होतं.

"पण आता काठी नाही," प्रश्नपत्रिकेने काळजीने विचारलं. "मग हे घरटं हरवणार नाही का?"

"नाही," भिंगरी म्हणाली, आणि खाली बसून शक्य तितक्या चांगल्या अक्षरात लिहू लागली. "ते कुठे आहे, मला माहीत आहे."